यादीतलं नाव

मत्स्यबीज केंद्रांची आकडेवारी पडताळत उन्मेष नागपूरहून उमरेडजवळच्या केंद्रावर पोचला, तर माशांच्या टाक्या ठणठणीत कोरड्या होत्या. पायरीवर मालकाची बायको गोपिकाबाई एकटीच बसली होती. “मावशी, दरसाल फोनवर चाळीस लाख पिल्लं सांगता. इथं तर थेंबभर पाणी नाही.” “तीन वर्षांखाली हे वारले, तवापासून बंदच हाये.” “मग खोटं काहून सांगितलं?” ती ओशाळली. “फोनवाली पोरगी त्यायचं पुरं नाव घेऊन विचारे. बंद म्हटलं असतं, तर ते नाव कोणी घेतलं असतं गा?” उन्मेषला रागावता येईना. पण आकडा खरा हवा होता. त्यानं शून्य लिहिलं आणि यादीतलं नाव खोडायला पेन उचललं. “थांब बाबू. एकदा मोठ्यानं वाच.” “केशव मारोती नान्हे,” उन्मेषनं वाचलं. नवरा दारात आल्यावर घ्यायची तसा तिनं डोक्यावर पदर घेतला.