आधी तिरकी कर

"ती स्कूटर काढून टाक," ऑफिसात सगळ्यांचं एकच म्हणणं. जग बुडाल्यानंतरच्या शहराचा गेम आम्ही बनवत होतो. झोंबी मागे लागले की खेळणारा किकवर किक मारत बसायचा आणि स्कूटर सुरू व्हायच्या आत मरायचा.

मी हट्टाने बाबांच्या हातात कंट्रोलर दिला. त्यांनी जन्मात कधी गेम खेळला नव्हता. दोन किका फुकट गेल्यावर ते वैतागले. "अगं, आधी तिरकी करायला नको का? बटण कुठलंय?"

मी दाखवलं. स्कूटर कलली, सरळ झाली आणि पुढच्याच किकला सुरू! मी टाळ्या पिटल्या.

पण बाबा निघेचनात. पडद्यावर भिंतीपाशी एक लहान मुलगी उभी होती. ती मी नुसती शोभेला ठेवली होती.

"बाबा, पळा! आले ते!"

"थांब गं. तिला पुढे उभं राहू दे आधी. तू नाही का राहायचीस?"

स्कूटरवर तिला उभं करायची सोय मी केलीच नव्हती. झोंबी अंगावर आले, तरी इंजिन चालू ठेवून बाबा तिची वाट बघत राहिले.