शेळीसाठी पाला

तिसगावचा बाजार उठायला लागला होता आणि स्नेहलचे बुधवार, शुक्रवार अजून कोरेच होते.

मुठीतल्या कागदावर तिनं आठवड्याच्या पाच संध्याकाळी लिहिल्या होत्या. सोमवारी पिठलं. मंगळवारी हुलग्याचं माडगं. गुरुवारी शेंगदाण्याची आमटी. डाळ-तेल घेऊन झाल्यावर वीसची एक नोट उरली होती, आणि वीसला वांग्यांचा एकच वाटा येत होता. त्यात चार माणसांची एक रात्रही निघत नव्हती. गेल्या बुधवारी नुसता ठेचा होता. आप्पा अर्ध्या भाकरीवरून उठले, "भूक न्हाई" म्हणाले. त्यांनी सोडलेली अर्धी धाकट्या अश्विनीनं खाली मान घालून संपवली. आजीनं तांब्याभर पाणी पिऊन भिंतीकडं तोंड केलं.

आई असताना बुधवार-शुक्रवार कोरे नसायचे. त्या दिवशी हिरवं कालवण असायचं. जाड देठांचं, किंचित कडसर, कूट लावून घट्ट केलेलं. भाजी कसली ते आईनं कधी सांगितलं नाही. "गुमान खा, नाव काय चाटायचंय?" म्हणायची. पोरी घरी यायच्या आत ती बारीक चिरून फोडणीला पडलेली असायची. आई गेली. तेराव्यापर्यंत भावकीतून भाकऱ्या आल्या, मग चूल स्नेहलच्या गळ्यात पडली. आज ती बाजाराचं दुसरं टोक गाठून परत फिरली होती. ज्या भाजीचं नावच माहीत नाही, ती मागायची तरी कशी?

भाजीवाली झुंबरबाई उरलेले फ्लॉवरचे गड्डे पोत्यात भरत होती. तिची नजर स्नेहलच्या हातातल्या पिशवीवर गेली. जुन्या परकराची पिशवी, हिरव्या बंदांची.

"ही तर सिंधूची पिशवी."

"मी तिची थोरली."

"मंग ती कुठंय? चार बाजार झालं, तोंड दावलं न्हाई. म्या हितं पाला राखून ठिवती अन् ही बया गायब!"

"आई गेली, मावशी. महिना झाला."

झुंबरबाईच्या हातातला गड्डा हातातच राहिला. कशानं, ते तिनं विचारलं नाही. पदर सारखा करत म्हणाली, "मंग शेळीचं कोन करतं आता?"

"कोणती शेळी?"

"तुमची."

"आमच्याकडं शेळी नाही."

झुंबरबाई तिच्याकडं बघत राहिली. मग तिनं मागची एक गोणी पुढं ओढली. फ्लॉवरचा पाला, मुळ्याचा पाला, कोबीची वरची पानं.

"लई नखऱ्याची शेळी, म्हनायची तुझी आई. पिवळं पान खात न्हाई, किडकं खात न्हाई. म्या म्हनलं, सिंधे, शेळी हाय का सासू?"

स्नेहलनं गोणीत हात घातला. फ्लॉवरच्या पानाचा जाड, पांढरा देठ बोटांना लागला. तिनं तो मोडला आणि नाकाशी नेला. घरातला बुधवार तिथं होता.

"न्हाई ना शेळी तिच्याकडं? मंग मला दे की पाला." मागं सूर्यभान उभा होता. त्याच्याकडं खरोखरच्या शेळ्या होत्या, दोन त्याच्या हातातल्या दाव्याला होत्याच. "कवाधरनं मागतोय तुला." त्यानं वाकून गोणीचं तोंड धरलं.

स्नेहलनं दुसरी बाजू सोडली नाही.

"शेळी आहे," ती म्हणाली.

सूर्यभान हसला. "आत्ता तर न्हवती. बोलता बोलता जन्मली व्हय?"

शेजारचा कांदेवाला तराजू पोत्यात घालता घालता थांबला. लसूण विकणाऱ्या दोघी बायका वळून बघायला लागल्या. स्नेहलच्या कानाच्या पाळ्या तापल्या. गोणी सोडून चालायला लागलं असतं तर कुणी अडवलं नसतं.

"आहे," ती परत म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "मला माहीत नव्हतं. तिचं सगळं आईच बघायची."

"बरं, रंग कंचा हाय तिचा?"

"सूर्यभान, गोनी सोड." झुंबरबाई उठून उभी राहिली. "पाला सिंधूचा हाय. तुला पुढल्या बाजारी बघू."

"शेळी न्हाई, दावं न्हाई, अन् पाला राखीव," असं पुटपुटत तो शेळ्या ओढत गेला.

झुंबरबाईनं गोणी चवाळ्यावर उपडी केली आणि पुढ्यात बसली. एकेक पान उचलून बल्बाच्या उजेडाकडं धरायची. पिवळं निघालं की बाजूला. अळी दिसली की नखानं उडवायची. स्नेहल समोर टेकली आणि तीही निवडायला लागली. पिशवी गच्च झाली तेव्हा स्नेहलनं वीसची नोट पुढं केली.

"शेळीच्या पाल्याचं कोनी पैसं घेतं व्हय?" झुंबरबाईनं नोटेकडं बघितलंही नाही. तिनं पिशवीचे बंद स्नेहलच्या हातात दिले आणि हात न सोडता, शेजारच्यांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली,

"दोन पान्यानं धू. वाळू असती. तुझ्या आईलाबी पहिल्याच दिशी सांगितलं हुतं."