सात चिठ्ठ्या

"इथं थांबू का?" धाकट्यानं विचारलं.

"थांब. पण दोन मोजून. जास्त थांबलास तर वाक्य विसरलास असं वाटतं." ताई भाजी चिरत राहिली. वही ओट्यावर उघडी होती, पण तिला बघायची गरज नव्हती.

धाकटा तिचा सख्खा भाऊ. पाच वर्षं तुरुंगात काढून गेल्या महिन्यात सुटला होता. त्याआधी तो नाटक मंडळीचा नायक होता. जाहिरातीत त्याचा चेहरा असला की तिकीट खिडकीवर झुंबड उडायची. एका पहाटे पार्टीहून पिऊन गाडी चालवत येताना त्यानं सायकलवरून चाललेल्या माणसाला उडवलं. माणूस मंडळीचाच होता. नेपथ्य उभारणारा सुतार. सगळे त्याला मिस्त्री म्हणायचे. जागीच गेला.

ताई मंडळीची प्रॉम्प्टर. गेली वीस वर्षं विंगेत वही घेऊन बसायची आणि नट अडखळला की हळूच शब्द पुरवायची. आता घरीही तेच चाललं होतं. मंडळीपुढे माफी मागायची होती आणि हातात कागद नको, असं धाकट्याचंच म्हणणं.

"कागद बघून माफी मागणारा माणूस सरकारी वाटतो," तो म्हणाला. ताई हसली. खूप दिवसांनी हसली.

मंडळीचा जुना नियम होता. सगळ्यांनी एकाच बसमधून हिंडायचं, एकाच छपराखाली झोपायचं, तेव्हा माणूस आत घ्यायचा तर सातही सभासदांच्या चिठ्ठ्यांवर 'हो' हवं. एक जरी 'नाही' निघालं तरी विषय कायमचा बंद. इतर मंडळ्यांनी दारं लावून घेतलेलीच होती. ही एकच उघडायची शक्यता होती, आणि रंगमंचाशिवाय धाकट्याला दुसरं काही येत नव्हतं.

ताई स्वतः सातांतली एक. उरलेल्या सहा घरांचे उंबरे तिनं झिजवले.

व्यवस्थापक लगेच तयार झाले. "शिक्षा झाली, भोगली, संपलं. उद्या तो बँकेत चिकटला तर कोणी विचारणार आहे का?" थोरल्या नटानं आढेवेढे घेतले, दोनदा चहा पाजला आणि तिसऱ्यांदा मान डोलावली. बाकीचे त्याच्यामागून आले. राहिली मिस्त्रीची बायको. ती कपडेपट सांभाळायची, म्हणजे पात्रांचे सगळे पोशाख तिच्या ताब्यात. तिला सगळे वहिनी म्हणत.

ताई गेली तेव्हा वहिनी एका कोटाला गुंडी लावत होती.

"त्यानं कुठंही काम करावं, ताई. दुकान घालावं, टॅक्सी नको पण काहीही चालवावं. माझं काही म्हणणं नाही."

"मग इथं का नको?"

"इथं लोक टाळ्या वाजवतात." वहिनीनं दोरा दातानं तोडला. "मी त्याला कोट चढवायचा आणि बाहेर लोकांनी टाळ्या वाजवायच्या. तुम्हीच सांगा."

ताई तेव्हा उठून आली. पण ती दुसऱ्या दिवशी गेली, तिसऱ्या दिवशी गेली. पाचव्या खेपेला वहिनी म्हणाली, "'नाही' म्हणायचाही कंटाळा आला आता. त्याला खरंच वाईट वाटतंय ना?"

"वाटतंय," ताई म्हणाली. "मी रोज ऐकते."

"मग ठीक आहे."

बैठक दुपारी रिकाम्या नाट्यगृहात झाली. सभासद पहिल्या रांगेत बसले. ताई सवयीनं विंगेत जाऊन बसली, म्हणून कोणीतरी थट्टाही केली. धाकटा मंचाच्या मधोमध उभा राहिला. साधा पांढरा शर्ट, बाह्या दुमडलेल्या. चांगला दिसत होता.

"बारा वर्षं ज्याच्या हातच्या पायऱ्यांवर मी उभा राहिलो, त्याचा मी जीव घेतला," तो म्हणाला. "त्याचं नाव घ्यायचीही माझी लायकी नाही. तरी घेतो."

तो थांबला. दोन मोजून झाले. चार झाले. सहा झाले. त्याचा अंगठा बोटांवर घासायला लागला. वाक्य हरवलं की त्याचं असं व्हायचं. मग त्यानं सावकाश मान वळवली आणि विंगेकडे पाहिलं.

ताईनं नाव पुरवलं. आडनावासकट.

त्यानं ते घेतलं. कापऱ्या आवाजात, एकेक अक्षर सुटं करून. पहिल्या रांगेत थोरल्या नटानं चष्मा काढला. वहिनी पदरात तोंड घालून हुंदके द्यायला लागली. पुढचं सगळं तो न अडखळता बोलला.

ताईला हायसं वाटायला हवं होतं. तिला काहीच वाटलं नाही.

चिठ्ठ्या वाटल्या गेल्या, घड्या घालून डब्यात पडल्या. व्यवस्थापकांनी एकेक उघडून वाचली. हो. हो. हो. हो. हो. पाचव्या 'हो'ला धाकटा थोडासा हसला. सहावी उघडून व्यवस्थापकांनी ती दोनदा वाचली.

"नाही," ते शेवटी म्हणाले. सातवी पुन्हा 'हो' निघाली, पण आता त्याला अर्थ नव्हता.

सगळ्या माना वहिनीकडे वळल्या. धाकटा कोणाशी न बोलता मागच्या दारानं निघून गेला. थोरला नट पुटपुटला, "तोंडावर सांगायचं होतं की." व्यवस्थापक, "त्यांचंही दुःख आहे," असं म्हणाले, पण वहिनीच्या नजरेला नजर न देता.

ताई कपडेपटात गेली तेव्हा वहिनी कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून होती. डोळे सुजले होते.

"सगळे मला बोल लावतायत," ती म्हणाली. "पण मी 'हो' लिहिलं होतं, ताई. मुलांची शपथ."

"माहीत आहे," ताई म्हणाली. "'नाही' मी लिहिलं."