सामाईक खड्डा

शेडमधल्या लेथला हात लावला आणि पुन्हा सणकन शॉक बसला. वायरिंग नवं, मोटर नवी, मग घोडं कुठे पेंड खातंय? वैतागून घराचा मेन स्विचच पाडला. तरी लेथला लावलेला टेस्टर पेटला!

म्हणजे करंट शेजारून, दादाच्या घरातून येत होता. वाटणीत आम्ही सगळं तोडलं. अर्थिंगचा खड्डा तेवढा कुंपणाखाली सामाईक राहिला. त्यात पाणी कोणी ओतायचं, यावरून भांडलो आणि दोघांनीही ओतलं नाही. कोरड्या मातीत करंट जिरणार कसा? तो अर्थिंगच्या तारेतून उलटा माझ्या लेथवर चढत होता.

कुंपणापलीकडे त्याचं वॉशिंग मशीन घरघरत होतं. मी खड्ड्यात ओतायला पाण्याची बादली घेऊन धावलो. "दादा, मशीन बंद कर! करंट उतरलाय त्यात!"

"माझ्या हद्दीत एक थेंब सांडलास तर बघ!"

त्याच्यामागे वहिनी ओल्या हातांनी झाकण उघडायला वाकली.