सत्तावीस हालचाली

"मालक, उजवा पाय पुढे. उजवा! जेवता त्या हाताच्या बाजूचा."

रांगेतली माणसं हसली. पाठमोरे उभे राहून दाखवत असलेले सर मान वळवून ओरडले होते. मालकांनी डावा पाय मागे घेतला, उजवा पुढे टाकला. रागावले नाहीत. सरांना तेच जास्त झोंबलं.

सकाळच्या कराटे वर्गाची आखणी कित्येक वर्षं तीच होती. दहा मिनिटं धावणं, दहा मिनिटं अंग मोकळं करणं, वीस मिनिटं पवित्रे, ठोसे आणि लाथा. मग काता, म्हणजे न दिसणाऱ्या शत्रूशी ठरलेल्या क्रमानं लढणं. शेवटी जोड्या. ही आखणी मॅडमची, वर्ग सुरू करणाऱ्या सरांच्या गुरूंची. सरांनी त्यातलं एक मिनिटही इकडचं तिकडे केलं नव्हतं. मॅडम वारल्या आणि महिन्याभरात त्यांचे यजमान पांढरा पट्टा बांधून शेवटच्या रांगेत येऊन उभे राहिले. हॉल त्यांच्या मालकीचा, म्हणून सगळे त्यांना मालक म्हणत. नाही म्हणायची सोय नव्हती.

"हा शिकायला नाही आला," सर ड्रायव्हरला म्हणाले. ड्रायव्हर बसवर होता आणि वर्गातला सगळ्यात जुना विद्यार्थी होता. "खोड काढायला आलाय. काही सापडलं की हॉलला कुलूप."

"अहो, सत्तरीचा माणूस तो. या वयात बैठका मारायला हौस लागते."

"मॅडमना तीन वर्षं घरात कोंडलं, तेव्हा कुठे गेली होती हौस?"

ते सगळ्यांनाच माहीत होतं. तीन वर्षांपूर्वी मॅडमनी अचानक येणं बंद केलं होतं. सर घरी गेले, तर मालक दार अडवून उभे राहिले. "ती आता येणार नाही. फोनही करू नका." आतून फरशीवर पाय आपटल्याचा आवाज येत होता. अठरा वर्षं ऐकलेला आवाज. मॅडम आत काता करत होत्या, आणि हा माणूस सरांच्या तोंडावर दार लावत होता.

सरांनी ठरवलं, आपण हाकलायचं नाही, हा आपणहून पळाला पाहिजे. बाकीच्यांना तीस बैठका, मालकांना पन्नास. बाकीचे पाणी प्यायला गेले की मालक गुडघे वाकवून पवित्र्यात उभे. मांड्या लटलटायच्या, कानशिलावरून घाम ओघळायचा.

"दमलात तर घरी बसा," सर म्हणायचे. "घरी बसवायची सवय आहेच तुम्हाला."

"अजून किती आकडे मोजायचे?" मालक विचारायचे. तेवढंच.

तीन आठवडे गेले. एक दिवस वर्ग सुटताना मालक पुढे आले.

"तो सत्तावीस हालचालींचा काता कधी शिकवणार?"

"काळ्या पट्ट्याचा? अहो, तुम्हाला अजून डावं उजवं कळत नाही."

"मला येतो तो."

ड्रायव्हर बूट घालता घालता थांबला. एका बाईंनी केस बांधायला घेतले होते, त्यांचे हात तसेच राहिले.

"येतो, तर शिकायचा कशाला?" सरांनी विचारलं.

मालक पट्ट्याची गाठ घट्ट करत राहिले.

"ठीक आहे. उद्या सगळ्यांसमोर करून दाखवा. चुकलात तर परत ही पायरी चढायची नाही."

"मला हाकललंत तर हॉल बंद करीन," मालक शांतपणे म्हणाले.

ड्रायव्हरनं सरांचा दंड धरला. "सर, सोडा. साठ माणसं येतात इथे. कुठे जातील?"

सरांनी हात सोडवून घेतला. "खुशाल करा बंद. मॅडमच्या काताची थट्टा बघण्यापेक्षा मैदानात शिकवीन."

दुसऱ्या दिवशी धावणं झालं नाही. सगळे भिंतीला टेकून बसले. मालक मधोमध आले, वाकून नमस्कार केला आणि पहिलं पाऊल टाकलं.

डावं.

कुणीतरी फिसकन हसलं. सर हसले नाहीत. कारण दुसरी हालचाल नेमकी होती. तिसरीही. वळण जिथे हवं तिथे, ठोसा जिथे हवा तिथे. अकराव्या हालचालीआधी मॅडम क्षणभर श्वास धरायच्या, कुणालाही तसं न शिकवता. मालकांनी तिथेच श्वास धरला. फक्त उजव्या हाताचं डाव्या हातानं आणि डाव्याचं उजव्यानं, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

सरांचा चेहरा लाल झाला.

"सत्तावीसच्या सत्तावीस हालचाली उलट! असं चुकून होत नाही. एवढी मेहनत घेतलीत, ती मॅडमची टिंगल करायला? निघा. आणि लावा कुलूप, आत्ताच लावा!"

मालकांना धाप लागली होती. त्यांनी बाहीनं तोंड पुसलं.

"ओरडू नका. उलटाच येतो मला, म्हणून तर आलोय. तिला एकेक विसरायला झालं होतं. हॉलवर कुणाला कळू देऊ नका म्हणाली, नाही कळू दिलं. शेवटी काताही विसरायला लागली. मला तिचं बघून बघून तोंडपाठ होता. पण तुमच्यासारखा पाठमोरा उभा राहिलो की घाबरायची. म्हणायची, हे गृहस्थ कोण, घरात कसे शिरले? म्हणून रोज तिच्याकडे तोंड करून उभा राहायचो. मी डावा हात उचलायचो, ती बघून उजवा उचलायची. आता समोर कुणी नाही. सरळ करायला शिकवा."