दोन पुठ्ठे

"तुमच्या खटाऱ्याचंच तेल गळतंय," असं प्रफुल्लने सोसायटीच्या भर सभेत शेजारच्या सबनीसकाकांना सुनावलं होतं. तेव्हापासून काका रोज सकाळी पार्किंगमध्ये भुसा टाकून लाल डाग मुकाट्याने पुसत.

शेवटी काल काकांनीच दोन्ही गाड्यांखाली पुठ्ठे सरकवले. आज त्यांचा पुठ्ठा कोरडा निघाला. प्रफुल्लच्या जुन्या ऑटोमॅटिक गाडीखालचा मात्र लालभडक झाला होता. तिथलंच तेल उतारावरून काकांच्या गाडीखाली ओघळत होतं.

काकांनी वाकून पाहिलं. "हे लाल तेल गिअरबॉक्सचं. त्याच्या तळाचे बोल्ट सैल झालेत. थांब, पाना आणतो."

बोल्ट आवळून होईपर्यंत प्रफुल्लची मान वर झाली नाही. मग त्याने भुशाची पिशवी उचलली. "काका, आज मी पुसतो."

"राहू दे, भुसा मी टाकतो," काका म्हणाले. "तू फक्त पुढच्या सभेत हे सगळ्यांना सांग."