कुत्रा चालेल

पाचव्या फोनला आक्काने नवऱ्याचे सगळे गुन्हे कुत्र्याच्या अंगावर घातले.

आधीच्या चार फोनांना ती खरं बोलली होती. खोटं बोलून कुणाच्या दारात उभं राहायची तिला सवय नव्हती. डोंगरातल्या एका छोट्या गावातल्या पाच लॉजचे नंबर लेकीने मोठ्या अक्षरांत लिहून दिले होते. प्रत्येक नंबरापुढे लिहिलं होतं, 'कुत्रा चालेल'. एवढं आक्काला लावून लावून वाचता आलं. आणि कुत्रा खरंच चालत होता. एकाने त्याला वेगळी गादी देऊ केली, दुसऱ्याने त्याच्या जेवणाची आवडनिवड विचारली. मग आक्का सांगायची, की सोबत आमचे हे आहेत, हातापायाने धड आहेत, पण डोकं ठिकाणावर नसतं, रात्री उठून फिरतात. त्यावर चारही ठिकाणच्या खोल्या एकाएकी भरून गेल्या.

जायचं ठरवलं ते लेकीने. मास्तरांचं, म्हणजे आक्काच्या नवऱ्याचं, शिवणाचं दुकान विकून सहा वर्षं झाली होती, आणि गेली तीन वर्षं मास्तर रोज पहाटे ते उघडायला निघत होते. दार वाजवायचे, कडी ओढायचे, आरडाओरडा करायचे. घरी कुणी आलं की खांद्यावर वीत ठेवून माप घ्यायचे, मग तो बाप्या असो की बाई. आक्का रात्री काजाच्या दोऱ्याचं एक टोक त्यांच्या मनगटाला बांधायची आणि दुसरं स्वतःच्या. दोरा ताणला की उठायचं. नाही ताणला तर का नाही ताणला म्हणून उठायचं. गल्लीत मात्र कुणी विचारलं तर सांगायची, मास्तरांना हल्ली कमी ऐकू येतं, बाकी ठणठणीत आहेत.

मागच्या आठवड्यात ती पेटत्या गॅससमोर उभ्याउभ्या झोपली. दूध उतू जाऊन खाली टपकत होतं, तरी तिला पत्ता नव्हता. नेमकी लेक आलेली. लेक म्हणाली, चार रात्री मी बाबांपाशी बसते, तू शेजारच्या खोलीत झोप. पण ते इथे नाही, इथे तू डोळा मिटायची नाहीस, मी तुला ओळखून आहे. तिथे ना तुझं स्वयंपाकघर, ना तुझी गल्ली. आक्काने आधी तोंड सोडलं. मला काय धाड भरलीय, म्हणाली. मग नंबर लिहून मागितले. चार रात्री. नुसतं ऐकूनच तिच्या पापण्या जड झाल्या होत्या.

कुत्र्याला मागे ठेवण्याची सोय नव्हती. त्याचं नाव जावई. बसून खातो आणि इकडची काडी तिकडे करत नाही, म्हणून आक्कानेच ठेवलेलं. खऱ्या जावयाला ते अजून कळलेलं नव्हतं. पण मास्तरांच्या पोटात घास जायचा तो याच्यामुळे. एक घास त्याला, एक स्वतःला. तो ताटाशी नसला की ताट भरलेलंच राहायचं.

पाचवा फोन एका बाईने उचलला. लॉज तीच चालवत होती. आवाजात घाई नव्हती. तिने कुत्र्याचं वय विचारलं.

म्हातारा आहे, आक्का म्हणाली, आणि एकदा सुरुवात केल्यावर तिने काही शिल्लक ठेवलं नाही. रात्री ओरडतो. दाराला धडका देतो. कधीमधी गादी ओली करतो, पण चादरी ती स्वतः धुईल. अनोळखी माणसाच्या खांद्यावर पंजा ठेवतो, त्यात वाईट हेतू नसतो. तिथे गेल्यावर काही गोंधळ झालाच, तर बोट दाखवायला जागा हवी, एवढंच तिच्या मनात होतं. जावई तिच्या पायाशी पडून ऐकत होता. जन्मात त्याने एक चादर ओली केली नव्हती.

चावतो का, बाईने विचारलं. चावायला दात कुठे राहिलेत, आक्का म्हणाली.

मास्तर खिडकीशी उभे होते. पडद्याचं कापड दोन बोटांत धरून त्याचा पोत बघत होते. आक्काची नजर तिकडे लागली. तेवढ्यात बाईने विचारलं, म्हणजे मग तुम्हाला झोप तरी मिळते का हो? हे आक्काला तीन वर्षांत लेकीखेरीज कुणी विचारलं नव्हतं. तिच्या हातातला खोट्याचा धागा सुटला.

"मिळते की. पहिली झोप बरी लागते त्याला," ती म्हणाली. "पण पहाटे उठतो आणि चष्मा मागतो."

आक्काने डोळे मिटून घेतले. आता खोली कशी भरते ते तिला पाठ होतं. ती फोन ठेवणारच होती, पण मान खाली घालून ठेवणं तिच्या रक्तात नव्हतं.

"मी कुत्र्याचं सांगत होते," ती म्हणाली. आवाजात तोरा आणायला गेली, तो अर्ध्या वाटेतच बसला.

"हो, कळलं ना," बाई म्हणाली. "तुम्हाला खालच्या दोन खोल्या देते. त्यातल्या एकीच्या दाराला उंचावर कडी आहे, पटकन हाताला लागत नाही. आमच्या सासऱ्यांसाठी बसवून घेतली होती मी. आणि चादरींचं मनातसुद्धा आणू नका, तुम्ही आपल्या झोपा." पलीकडे वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. "कुत्रा खरोखरच असला, तर त्यालाही आणा."